किल्ली उशाखाली, अग्निशामक कपाटामागे

प्रश्न : गेल्या महिन्यात आमच्या समोरच्या इमारतीत मध्यरात्री आग लागली. माणसं वाचली, पण एक कुटुंब बराच वेळ आत अडकलं होतं. तेव्हापासून मला रात्री धड झोप लागत नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. घरात मी, नवरा, ११ वर्षांची मुलगी, ५ वर्षांचा मुलगा आणि ७८ वर्षांचे सासरे. सासरे वॉकर घेऊन चालतात, कानाला मशीन लावतात. त्यांना चोरीची धास्ती आहे, म्हणून रात्री मुख्य दाराला आतून कुलूप घालून किल्ली स्वतःच्या उशाखाली ठेवतात. नवऱ्याने अग्निशामक आणला, तो कपाटामागे उभा करून ठेवला आणि त्याच्या मते विषय संपला. मी काही बोलायला गेले की ‘नको ते तोंडातून काढू नकोस’ हे उत्तर ठरलेलं. सुरुवात कुठून करू? आणि आग लागलीच तर घरात थांबायचं की बाहेर पळायचं?

उत्तर : सुरुवात त्या उशीखालून करा. तुमच्या पत्रात अग्निशामक आहे, जागरण आहे, नवऱ्याचं उडवून लावणं आहे, पण खरा धोका त्या किल्लीत आहे. रात्री घर धुराने भरलंय, दिवे गेलेत, बाबांच्या कानात मशीन नाही, ते गोंधळून उठून बसलेत आणि तुम्ही अंधारात त्यांच्या गादीवर हात फिरवून किल्ली शोधताय, एवढंच चित्र डोळ्यांपुढे आणा. मग ती सापडली, तर कुलपाचं भोक शोधायचं.

घरातल्या प्रत्येक सोयीला एकच प्रश्न लावून बघा : जाग आल्यापासून पाचही जण जिन्यात पोचेपर्यंत किती वेळ जातो? हा वेळ ज्याने कमी होतो ते आधी करायचं, बाकीचं मागाहून. घाईचं कारण आहे. अमेरिकेतल्या यूएल या सुरक्षा-चाचण्या करणाऱ्या संस्थेने दोन सारख्या खोल्या मुद्दाम पेटवून पाहिल्या. एकीत जुन्या पद्धतीचं लाकूड-कापसाचं सामान होतं, दुसरीत आजचे फोमचे सोफे आणि कृत्रिम धाग्यांचे पडदे. जुन्या सामानाच्या खोलीत सगळं एकदम भडकून उठायला जवळपास अर्धा तास लागला. आजच्या सामानाच्या खोलीला चार मिनिटंही लागली नाहीत. आणि माणूस सहसा त्याआधीच, ज्वाळेने नव्हे तर धुराने पडतो. जळत्या फोममधून कार्बन मोनॉक्साइडबरोबर सायनाइडही निघतं. शुद्ध हरपायला थोडेच श्वास पुरतात.

आता बाबांशी बोलायचं कसं. आगीचा विषय काढूच नका, त्याचं उत्तर तुम्हाला तोंडपाठ आहे. त्यांची भीती चोराची आहे आणि ती काही वेडगळ नाही, तेव्हा ती मान्य करूनच बोला. ‘बाबा, रात्री तुम्हाला अचानक बरं वाटेनासं झालं आणि डॉक्टरांना आत घ्यायचं झालं, तर आम्ही किल्ली कुठे शोधायची?’ असं विचारा. मग दुरुस्ती सुचवा : बाहेरून किल्लीने आणि आतून नुसता नॉब फिरवून उघडणारं कुलूप. बाहेरच्या माणसासाठी ते तितकंच भक्कम राहतं, आतल्याला मात्र काही शोधावं लागत नाही. रात्री तो नॉब फिरवून दार लावायचं काम बाबांकडेच ठेवा. वर्षानुवर्षांचा पहारा काढून घेतला तर दुखावतील, आणि मग नवं कुलूपही त्यांना पटणार नाही. ते बसेपर्यंत किल्ली दाराजवळच्या खुंटीवर टांगा. बाहेरून हात पोचणार नाही, पण मुलीचा पोचेल अशी जागा बघा, आणि ती जागा कधी बदलू नका. मुलीला डोळे मिटून दार उघडायला लावून बघा. जमलं नाही तर खुंटी खाली घ्या.

खिडक्यांना ग्रिल असेल तर निदान एका खिडकीचा भाग उघडता येईल असा करून घ्या. चौथ्या मजल्यावरून उडी मारायला नाही, अग्निशमन दलाची शिडी लागली तर आत यायला वाट हवी म्हणून. त्यालाही कुलूप असेल तर त्याची किल्ली तिथेच शेजारी.

दुसरी गोष्ट, जाग येणार कशाने? धुराच्या वासाने झोपलेला माणूस उठतो ही समजूत घातक आहे. गाढ झोपेत नाकाचा भरवसा नसतो, उलट धुरातले वायू झोप अधिकच गाढ करतात. त्यासाठी छताला लावायचा धूरसूचक हवा, ज्याला सगळे स्मोक अलार्म म्हणतात. या यंत्राची जन्मकथा मजेशीर आहे. १९३० च्या दशकात वॉल्टर यॅगर नावाचे स्विस शास्त्रज्ञ विषारी वायू टिपणारं यंत्र बनवत होते. वायू सोडला तरी काटा ढिम्म. वैतागून त्यांनी सिगारेट शिलगावली आणि काटा हलला. म्हणजे हे यंत्र धुराचे कण ओळखतं, वायू नव्हे. म्हणून स्मोक अलार्म आहे या भरवशावर गॅसगळतीबद्दल निर्धास्त राहू नका, त्याचं यंत्र वेगळं असतं.

अलार्म झोपायच्या खोल्यांच्या बाहेर, मधल्या बोळात छताला लावा. जमल्यास प्रत्येक खोलीत एकेक, आणि एक वाजला की सगळे वाजतील असे जोडलेले. फोटोइलेक्ट्रिक, म्हणजे प्रकाशझोताने धूर टिपणाऱ्या प्रकारचा घ्या. गादी-सोफा धुमसत जळतो तेव्हा तो लवकर ओरडतो, आणि स्वयंपाकाच्या वाफेने उगाच बोंब मारण्याचं प्रमाणही त्याचं कमी. तरीही स्वयंपाकघरात तो लावू नका. तिथे रोज वाजला की कुणीतरी वैतागून बॅटरी काढून ठेवतं आणि ती पुन्हा घालायचं राहून जातं. स्वयंपाकघरासाठी उष्णता ओळखणारा अलार्म मिळतो. महिन्यातून एकदा बटण दाबून आवाज तपासायचा, आणि १० वर्षांनी अख्खं यंत्र बदलायचं, बॅटरी नवी असली तरी.

पण तुमच्या घरात अलार्म वाजला तरी तिघांचा प्रश्न उरतो. लहान मुलं त्या किंचाळत्या आवाजाला उठतीलच असं नाही. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५ ते १२ वर्षांच्या मुलांपैकी जवळपास निम्मी त्या आवाजाने जागीच झाली नाहीत. आईच्या आवाजातल्या अलार्मने मात्र दहातली आठ-नऊ उठली. मुलं आपणहून उठून येतील असं धरून कुठलीच योजना आखू नका. दोघांनाही उठवायचं, हे गृहीतच. मोठ्यांपैकी एक जण तडक मुलांच्या खोलीत जाणार, हे आत्ताच ठरवा. शिवाय लहान मुलं घाबरली की पलंगाखाली नाहीतर कपाटात लपतात. तुमच्या पाच वर्षांच्या बाळाला हे स्पष्ट शब्दांत सांगायला हवं : हा आवाज आला की लपायचं नाही, दाराकडे यायचं. आणि तोंडावर मुखवटा, पाठीवर नळकांडं असा राक्षसासारखा दिसणारा माणूस आला तर तो आपला माणूस आहे, त्याच्याकडे जायचं. अग्निशमन जवानांची चित्रं त्याला आधीच दाखवून ठेवा.

बाबांचं वेगळं. उतारवयात आधी जातो तो उंच पट्टीचा आवाज, आणि नेहमीचे अलार्म नेमके ३,००० हर्ट्झच्या आसपास ओरडतात. ५२० हर्ट्झच्या खर्जातल्या आवाजाचे अलार्म मिळतात, ऐकू कमी येणाऱ्यांना ते जास्त जागं करतात. उशीखाली ठेवायची थरथरणारी चकतीही मिळते. किल्लीने रिकामी केलेली जागा तिला द्या. कानाचं मशीन, चष्मा, वॉकर हे तिन्ही पलंगावरून हात पोचेल अशा ठरलेल्या जागी हवेत.

आता दारं. झोपताना खोल्यांची दारं ओढून घ्या. बिनखर्चाचं आहे म्हणून कुणी मनावर घेत नाही, पण एवढं काम करणारी दुसरी गोष्ट घरात नाही. खोल्या पेटवून पाहणाऱ्या त्या यूएलच्याच चाचण्यांत उघड्या दाराच्या खोलीत तापमान ५०० अंश सेल्सिअसवर गेलं, तर बंद दाराआड ते ४० च्या आसपास राहिलं. साधं आतलं दार तुम्हाला काही मोलाची मिनिटं मिळवून देतं. ‘दार लावलं तर बाबांची हाक ऐकू येणार नाही’ ही अडचण तुम्ही पुढे कराल, आणि ती खरी आहे. त्यांच्या हाताशी एक घंटीचं बटण द्या. मुलगा दार लावू देत नसेल तर तो झोपल्यावर ओढून घ्या.

कोण कुणाला नेणार? माझ्या मते नवरा बाबांकडे, तुम्ही मुलाकडे, मुलगी तुमच्याबरोबर. मुलीवर भावाची जबाबदारी टाकू नका. ती समजूतदार असेल, पण ११ वर्षांच्या पोरीने धुरात कुणाला शोधायचं नसतं. तिचं काम फक्त तुमचा हात न सोडणं. धूर असेल तर सगळ्यांनी ओणवं होऊन किंवा रांगत, कारण स्वच्छ हवा जमिनीलगत उरलेली असते. निघताना मागची दारं ओढायची. लिफ्ट नाही. फोन खाली गेल्यावर, किंवा चालता चालता. दागिने, कागद काही नाही. आणि खाली एक ठरलेली जागा, जिथे पाच डोकी मोजायची. एक कमी भरलं तर परत वर जायचं नाही, जवानांना नेमकं सांगायचं : चौथा मजला, अमुक खोली, चालता न येणारे वृद्ध. ऐकायला कठोर वाटेल. पण परत वर गेलेला माणूस अडकला की जवानांना एकाऐवजी दोघांना शोधावं लागतं.

यातली सगळ्यात अवघड गाठ म्हणजे नवरा गावाला गेला असेल ती रात्र. एकट्या बाईने दोन मुलं आणि वॉकरवरचे बाबा चार मजले उतरवायचे, हे होण्यासारखं नाही. तेव्हा ते आधीच मान्य करून योजना करा. शेजारच्या एका सशक्त माणसाशी बोलून ठेवा. भक्कम खुर्चीत बसवून दोघांनी मिळून जिन्याने उतरवता येतं, आणि त्यासाठी बनवलेली खास खुर्चीही मिळते, ती इमारतीतल्या सगळ्यांनी मिळून घ्यावी. तशी मदत मिळाली नाही तर आगीपासून सगळ्यात लांबच्या, रस्त्याकडे खिडकी असलेल्या खोलीत बाबांना बसवून दार घट्ट लावायचं, फटीत ओले टॉवेल कोंबायचे, मुलांना घेऊन उतरायचं आणि पहिल्या जवानाला ती खिडकी दाखवायची. हे बाबांशी मोकळेपणाने बोलून ठेवा. म्हातारी माणसं अशा बाबतीत आपल्याला वाटतं त्यापेक्षा व्यवहारी असतात, बहुधा तेच म्हणतील की पोरांना आधी ने.

थांबायचं की पळायचं? आग तुमच्याच घरात असेल तर प्रश्नच नाही, निघायचं. आग दुसऱ्या कुठल्या घरात असेल तर दाराला हाताची मागची बाजू लावून बघा. दार तापलेलं असेल, किंवा किंचित उघडल्यावर जिन्यात धूर कोंदलेला दिसला, तर दार लावा, फटी बुजवा, खिडकीशी जा, फोन करून आपण कुठे आहोत ते सांगा. धुराने भरलेल्या जिन्यात उतरणारी माणसं वाटेतच कोसळू शकतात. जिना स्वच्छ असेल तर उतरा.

काही उंच इमारतींचा नियम असा असतो की आग दुसऱ्या घरात असेल तर आपापल्या घरातच थांबा. त्यामागे हिशेब असतो की भिंती आणि दारं आगीला त्या एका घरात कोंडून ठेवतील. बांधकाम तसं असेल तर तो बरोबरही ठरतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ च्या रात्री हा हिशेब कोलमडला. चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात, फ्रिजच्या आसपास सुरू झालेली आग बाहेरच्या ज्वलनशील आवरणावरून वर चढली. पहिला फोन रात्री १२ वाजून ५४ मिनिटांनी गेला, पण ‘घरातच थांबा’ ही सूचना २ वाजून ४७ मिनिटांनी मागे घेतली गेली. ७२ जणांचा जीव गेला. तेव्हा नियम माहीत असू द्या, पण घरात धूर शिरतोय आणि जिना अजून मोकळा आहे, तर नियमासाठी बसून राहू नका.

नवऱ्याच्या अग्निशामकाला मी नावं ठेवणार नाही. बिचाऱ्याने निदान आणला तरी. पण त्याला एक विनंती करा : तो बाहेर काढ आणि त्यावरचं लेबल मला वाचून दाखव. घरगुती आकाराचा अग्निशामक साधारण १०-१५ सेकंदांत रिकामा होतो. तेवढ्यात लेबल वाचायला वेळ नसतो. पिन ओढायची, नळी ज्वाळेच्या शेंड्याकडे नव्हे तर बुडाकडे धरायची, दाबायचं, आणि झाडल्यासारखं इकडून तिकडे फिरवायचं. आपली पाठ दाराकडे हवी. कचऱ्याच्या टोपलीएवढ्या आगीसाठी तो आहे, पडदा छतापर्यंत पेटला की त्याला तिथेच टाकून निघायचं. दाब दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघा. जागा बाहेर पडायच्या वाटेवर, नजरेसमोर. शेगडीच्या बाजूला नको, कारण आग तिथेच लागली तर तो ज्वाळांच्या पलीकडे राहील.

तेलाने पेट घेतला तर अग्निशामकाचीही घाई नको, पावडरच्या झोताने उकळतं तेल उडतं. गॅस बंद करा, भांड्यावर झाकण सरकवत आणा आणि पूर्ण थंड होईपर्यंत उचलू नका. भांडं हलवायचं नाही. पाणी तर नाहीच. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १,७०० पट फुगतं आणि पेटलेलं तेल छतापर्यंत उडवतं. गॅस बंद करायला हात पोचत नसेल तर नाद सोडून बाहेर पडा.

विजेचं थोडक्यात, कारण यात बहुतेक काम डोळे आणि हात करतात. प्लग काढताना गरम लागतो का? सॉकेटभोवती तपकिरी डाग आहे का? खोलीत कधीकधी माशासारखा किंवा जळक्या प्लास्टिकचा वास येतो का? यातलं काहीही असलं तर तो पॉइंट बंद करून वायरमनला बोलवा. एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, आहे म्हणून हायसं वाटून घेऊ नका. ढिल्या जोडावर ठिणग्या उडत असल्या तरी प्रवाह वाढत नाही, मग तो पडणार कशाला? हीटर, इस्त्री, गीझर एक्स्टेंशन बोर्डवर नकोत. फोन उशीखाली किंवा गादीवर चार्जिंगला नको. घरात बॅटरीवर चालणारी सायकल वा स्कूटर असेल आणि तिची बॅटरी मुख्य दाराशी चार्ज होत असेल, तर तेवढं आजच बदला. लिथियमची बॅटरी बिघडली की काही सेकंदांत भडकते आणि विझवली तरी पुन्हा पेटते. बाहेर पडायच्या एकुलत्या एका वाटेवर तिला बसवणं म्हणजे दुसरी किल्ली उशाखाली ठेवणं.

हे सगळं एका दमात घरच्यांपुढे मांडू नका. पहिल्या आठवड्यात फक्त कुलूप. मग अलार्म. तो बसला की एका सुटीच्या दिवशी बटण दाबा, मुलीच्या हातात घड्याळ द्या आणि दारापर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते तिला मोजू द्या. मुलांना हा खेळ वाटेल, वाटू द्या. पुढच्या वेळी दिवे बंद करून. ‘नको ते बोलू नकोस’ म्हणणारा माणूससुद्धा घड्याळ लावलं की ईर्षेला पेटतो. पहिला आकडा लाजिरवाणा येईल, तो फ्रिजवर लिहून ठेवा.

औषधं, टॉर्च, पाणी आणि कागदांच्या प्रती घातलेली तयारीची पिशवी जरूर भरा, पण ती पूर, भूकंप, अचानक घर सोडायची वेळ यांच्यासाठी. आगीत ती दाराशीच टांगलेली असली तर उचला, आत असेल तर विसरा. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत कुणा नातेवाइकाकडे राहू द्या.

कपड्यांनी पेट घेतला तर धावायचं नाही. जागीच थांबून जमिनीवर आडवं व्हायचं, चेहरा हातांनी झाकायचा आणि लोळायचं. भाजलं तर २० मिनिटं वाहतं थंड पाणी, बर्फ नको, टूथपेस्ट नको. अंगठी-बांगडी सूज यायच्या आत काढा, फोड फोडू नका. भाजलेलं मोठं असेल किंवा चेहरा, हात, सांधे यांवर असेल तर थेट दवाखाना.

एक तपशील तुम्ही लिहिला नाही : घरात सिलिंडर आहे की पाइपचा गॅस? सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. पाइपचा नैसर्गिक वायू हलका, तो छताकडे जातो. म्हणून गळती ओळखणारं यंत्र पहिल्यासाठी जमिनीपासून थोडं वर आणि दुसऱ्यासाठी छताजवळ लावतात. उलटं लावलं तर वेळेवर वाजणार नाही. वास दोन्हींत मुद्दाम मिसळलेला असतो, पण वयोमानाने नाक मंदावतं, म्हणून ‘बाबा दिवसभर घरी असतात, त्यांना कळेल’ असं धरू नका. वास आलाच तर एकही बटण चालू करायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही, दोन्हींत ठिणगी पडते. रेग्युलेटर किंवा कॉक बंद करा, दारं-खिडक्या उघडा, आणि फोन घराबाहेर जाऊन करा.